'तिकडे' काय टिकलं?

शाळेच्या ग्रुपवर परवा पुन्हा बालेवाडीचा विषय निघाला. महाराष्ट्र ओपन ही टेनिस स्पर्धा पुण्यातून गेली आणि २०२४ पासून तिचा आठवडा हाँगकाँगला मिळाला, हे आता जुनं झालं. तरी एका मित्राने ते उकरून काढलं आणि लिहिलं, "आपल्याकडे काही टिकतच नाही. तिकडे बघा, परंपरा कशा जपतात." 'तिकडे' म्हणजे मी राहतो तिकडे. माझा तो राग अजून उतरलेला नाही.

मी फिलाडेल्फियात राहतो. इथे यूएस प्रो इंडोर नावाची पुरुषांची टेनिस स्पर्धा होती. तिची बरीच वर्षं स्पेक्ट्रममध्ये गेली, म्हणजे जिथे फ्लायर्स हा इथला आइस हॉकीचा संघ बर्फावर खेळायचा त्याच हॉलमध्ये गालिचाचं कोर्ट अंथरून. मॅरिलिन आणि एडवर्ड फर्नबर्गर या नवरा-बायकोने ती घरच्या कार्यासारखी वर्षानुवर्षं सांभाळली. रॉड लेव्हर इथे चार वेळा जिंकला, त्यातलं १९६९ तर त्याच्या ग्रँड स्लॅमचं, म्हणजे चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्याचं वर्ष. कॉनर्स चार वेळा. १९७६ ला त्याने बोर्गला हरवलं. मॅकेन्रो १९८२ ते १९८५ ओळीने चार वर्षं. १९९० च्या फेब्रुवारीत अठरा वर्षांच्या पीट सॅम्प्रसने व्यावसायिक कारकिर्दीतलं पहिलं विजेतेपद इथेच मिळवलं, आणि त्याच सप्टेंबरात तो यूएस ओपन जिंकला.

एवढं वैभव असलेली स्पर्धा १९९८ नंतर बंद पडली. चार मोठ्या खेळांचे चार व्यावसायिक संघ पोसणारं हे शहर, पण टेनिसचा एक आठवडा त्याला राखता आला नाही. पुढे स्पेक्ट्रमही पाडला, आज त्या जागी खाण्यापिण्याची ठिकाणं आहेत. २००९ पासून तर एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या, मुख्य स्पर्धांतून गालिचाचं कोर्टच गेलं. इथे कुणी 'आपल्या समाजालाच टिकवण्याची अक्कल नाही' असं म्हणत छाती बडवत नाही. स्पर्धांचे परवाने विकले जातात, पुरस्कर्ते बदलतात, तारखा हलतात. आणि मुळात आपली स्पर्धा तरी कुठे आपली होती? १९९६ ला ती दिल्लीत सुरू झाली, पुढच्याच वर्षी चेन्नईला गेली आणि एकवीस वर्षं तिथे रुजली. २०१८ ला ती पुण्यात आली तेव्हा याच ग्रुपवर फटाके फुटले होते. चेन्नईच्या माणसांना काय वाटलं असेल, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

१९९८ च्या त्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी गेलो होतो. ब्रॉड स्ट्रीट लाइन या भुयारी रेल्वेने पॅटिसन स्टेशनला उतरलो, हातात वावा या इथल्या दुकानाची कॉफी. सगळ्यात वरच्या रांगेत बसलो. बंद छताखाली सॅम्प्रसच्या सर्व्हिसचा आवाज छातीवर आदळतो. मला मात्र डेक्कनवरचं मातीचं कोर्ट आठवत होतं, त्यावर संध्याकाळी पाणी मारल्यावर येणारा वास, आणि जाळीला नाक लावून उभे असलेले बाबा. इतका मोठा खेळाडू समोर असताना मी मनाने तिथे उभा होतो. स्पर्धा शेवटची आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. पण माहीत असतं तरी मी हळहळलो असतो का? हे शहर तेव्हा माझं नव्हतं. आज आहे, असं मी सगळ्यांना सांगतो.

२०१९ च्या जानेवारीत मी कोथरूडला घरी होतो. बालेवाडीत केविन अँडरसन आणि कार्लोविच यांचा अंतिम सामना होता, पुढे तिन्ही सेट टायब्रेकरवर गेले. सकाळी बाबा म्हणाले, "तिकीट काढ रे, जाऊन येऊ." मी फ्लॅटच्या कागदांत गुंतलो होतो. "पुढच्या वर्षी नक्की," म्हणालो. पुढच्या वर्षी मला येता आलं नाही, २०२१ ला स्पर्धा झाली नाही, २०२२ ला बाबा नव्हते. दोन्ही शहरांच्या स्पर्धा गेल्या, आणि दोन्हींसाठी मी आयुष्यात मिळून एक तिकीट काढलं.

फिलाडेल्फियाच्या शेवटच्या अंतिम सामन्यात सॅम्प्रसने थॉमस एन्क्विस्टला हरवलं. हाच एन्क्विस्ट १९९६ ला दिल्लीत जिंकला होता, आपल्या स्पर्धेच्या अगदी पहिल्या वर्षी. ग्रुपवर लांबलचक उत्तर लिहिलं होतं, ते पुसलं आणि एवढंच विचारलं: एन्क्विस्ट आठवतो का रे कुणाला?