शेताचा कोपरा

ख्रिसमस जवळ आला की आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, गरिबांना वाटपाची गडबड सुरू होते. ब्लँकेटं, साड्या, केक. वाटपाला माझा विरोध नाही, थंडीत ब्लँकेट लागतंच. पण मागे बॅनर, पुढे मोबाईल आणि घेणाऱ्याने कॅमेऱ्याकडे बघायचं, हे खटकतं. पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, गरिबाला देण्याची एक जुनी रीत अशी आहे, की घेणाऱ्याला कुणासमोर हात पसरून उभं राहावंच लागत नाही.

बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाचा 19वा अध्याय काढा. पीक कापताना शेताचे कोपरे कापू नका, सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसं, वेचू नका, मळ्यात गळालेली द्राक्षं गोळा करू नका. ती गरिबाला आणि परक्याला राहू द्या. त्याच करारातलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक 24व्या अध्यायात आणखी पुढे जातं. एखादी पेंढी शेतात विसरली तर ती आणायला मागे फिरू नका. मालकाने फक्त हात आवरायचा. ज्याला गरज आहे तो येईल, उन्हात वाकून वेचेल आणि घरी नेईल. आभार मानायचा प्रश्नच नाही, कारण ते त्याचंच आहे.

दशांशावर, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला देण्यावर, आपण तासतासभर प्रवचनं ऐकतो, कोपऱ्यावर क्वचितच. दशांशाचा हिशेब ठेवता येतो, पावती फाडता येते. कोपरा केवढा ठेवायचा हे नियमशास्त्राने सांगितलंच नाही. पुढे यहुदी शास्त्र्यांनी ‘साठाव्या हिश्शाहून कमी नको’ असं ठरवलं, तेही कमीत कमीचं माप.

बायबलमधली रूथ याच हक्कावर बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात आली. मवाब देशातली, विधवा, परकी. बवाज गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं गळू द्या, आणि तिला दटावू नका. ‘दटावू नका’ हे मला धान्याइतकंच मोठं वाटतं. जेवणाच्या वेळी तो तिला जवळ बोलावून हुरडा देतो. संध्याकाळी झोडल्यावर एफाभर (एफा हे धान्याचं जुनं माप) सातू निघाले. हीच रूथ दाविदाची पणजी, आणि मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचं नाव घेतलंय.

अजून एक. येशूचे भुकेले शिष्य दुसऱ्याच्या शेतातली कणसं मोडून खातात, तेव्हा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) मोडल्याचा आरोप करतात. चोरीचा नाही! वाटसरूने हाताने कणसं खुडायची मुभा होतीच, विळा मात्र लावायचा नाही.

आपल्याकडेही भुईमूग काढून झाला की बाया सरव्याला जायच्या, आणि बांधावरचा मालक तिकडे बघून न बघितल्यासारखं करायचा. त्याने लेवीय वाचलेलं नसायचं.

“आमच्याकडे शेत कुठंय?” असं नोकरदार विश्वासी म्हणतील. पगार आहे ना? धंदा आहे, रिकामा फ्लॅट आहे. भाजीवालीशी शेवटच्या पाच रुपयांवरून घासाघीस करणं म्हणजे कोपऱ्यातली कणसंही कापणं. घरकामाच्या मावशी गावी गेल्या म्हणून त्यांचा पगार कापणंही तेच. आपण रविवारी उपासनेला वेळेवर हजर, आणि मावशींना मात्र रविवारी पाहुण्यांची भांडी. शब्बाथाच्या आज्ञेत दास-दासीच नव्हे, जनावरंसुद्धा आहेत, हे आपण पाठांतरात म्हणतो आणि घरी विसरतो. आणि फ्लॅट भाड्याने देताना ‘आपल्यातलाच हवा’ म्हणणाऱ्या ख्रिस्ती मालकांनी लेवीय 19 मधला ‘परका’ कोण हे एकदा सांगावं. इतरांनी आपल्याला घर नाकारलं की मात्र आपल्याला फार लागतं.

पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली केडगावला आणल्या. त्यांना नुसतं जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, छापखाना, सगळं या मुली-बायका शिकल्या. रमाबाईंनी मूळ भाषा शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच बायकांच्या हातून छापलं गेलं. दात्यांच्या उपकाराखाली आयुष्यभर मान खाली घालून राहायचं, हे रमाबाईंना मान्यच नव्हतं असं मला वाटतं.

पाळकसाहेबांनी आणि मंडळीच्या पंचांनी या ख्रिसमसला बॅनरचे पैसे वाचवून कुणाची तरी थकलेली शाळेची फी परस्पर भरावी, आणि पोराचं नाव अहवालात छापू नये.

मतभेद असतील तर जरूर लिहा. फक्त ‘हे सगळं जुन्या करारातलं आहे’ असं लिहू नका. दशांशही तिथलाच आहे.