गाडीचं पासिंग होतं, ड्रायव्हरचं कधी होणार?

सकाळपासून तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरतोय. हायवेवर टॅक्सी डिव्हायडरवर चढलीये, ड्रायव्हर स्टिअरिंगवर मान टाकून पडलाय, शर्ट घामाने चिंब, आणि खाली आपलेच शिकलेसवरलेले लोक लिहितायत, सकाळीच टाकून आलाय. डोकंच फिरलं माझं.

माझा मामा दादर स्टेशनबाहेर काळी-पिवळी चालवायचा. डायबेटिस, गोळ्या चालू. एकदा गोळी घेतली आणि नाश्ता व्हायच्या आत एअरपोर्टचं भाडं आलं, ते कोण सोडणार? कलानगरच्या सिग्नलला शुगर उतरली. ७० च्या बरीच खाली गेली की माणूस प्यायलेलाच वाटतो हो, घाम, हात थरथरतात, जीभ जड, विचारलं एक तर उत्तर भलतंच. गाडी पुढच्या रिक्षाला घासली आणि लोकांनी त्याला बाहेर ओढून मारलं. तीन-चार चमचे साखर पाण्यातून दिली असती तर पंधरा-वीस मिनिटांत सावरला असता, पण एकानेही तोंडाचा वास घेऊन बघितलं नाही.

हो, पिऊन चालवणारे आहेत, त्यांना सोडू नकाच.

पण मामाचं लायसन्स रिन्यू झालं तेव्हा काय तपासलं होतं? चाळिशीनंतर सगळ्यांना आणि टॅक्सी-ट्रक-बसवाल्यांना कुठल्याही वयात डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म वन-ए. मामाला ते एजंटने आणून दिलं, डॉक्टरचं तोंडही न बघता. फिट येते का, अचानक चक्कर येते का हे तर वेगळ्या फॉर्म वनवर स्वतःच लिहून द्यायचं. हातावर पोट असलेला माणूस तिथे ‘हो’ लिहील? मामाने ‘नाही’ लिहिलं. मी त्याला दोष देणार नाही, घरात तेव्हा दोन मुलं शिकत होती. जुन्या टॅक्सीचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, दरवर्षी, आणि ती चालवणाऱ्याचं लायसन्स पाच वर्षांनी एका कागदावर!

आणि नुसती शुगरच नाही. रात्रभर घोरणारा एखादा माणूस झोपून उठला तरी थकलेलाच असतो, झोपेत श्वास अडकत असतो त्याचा, मग दिवसा स्टिअरिंगवर डुलक्या. बीपीच्या काही गोळ्यांनी सारखी लघवीला होते आणि मुंबईत ड्रायव्हरने गाडी लावून जायचं कुठे, सांगा ना! म्हणून कित्येकजण गोळीच टाळतात, पाणीसुद्धा पीत नाहीत.

मान्य आहे, ज्याला फिट येते त्याच्या हातात बस देता येणार नाही, मागे चाळीस माणसं बसलेली असतात. मग त्याला डेपोत दुसरं काम द्या ना. ‘आजार सांगितला की धंदा गेला’ असं असेल तर सगळे लपवणारच, मामाने तर मार खाऊनसुद्धा स्टँडवर कुणाला सांगितलं नाही.

बॅजवाल्यांचं, म्हणजे टॅक्सी-बस चालवणाऱ्यांचं, लायसन्स रिन्यू करताना तिथेच आरटीओत बोटाला सुई टोचा, बीपी बघा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि एजंटच्या हातचं सर्टिफिकेट घेणं बंद करा. शुगर वाढलेली निघाली तर लगेच लायसन्स अडकवू नका, औषध सुरू करून द्या, तीन महिन्यांनी परत बोलवा.