ओहम बघावा मोजून

हॅम रेडिओच्या छंदापायी सोसायटीच्या गच्चीवर चाळीस मीटर बँडचा डायपोल, म्हणजे तारेची साधी अँटेना, टांगायचा, तर तारेचा खर्च फारसा नसतो. ७.१ मेगाहर्ट्झला तो अर्ध्या लहरीइतका, वीस मीटरच्या आसपास भरतो. एवढी तार 'कपडे वाळत घालायची दोरी' म्हणून सेक्रेटरीच्या डोळ्यांखालून खपूनही जाते. खरी पंचाईत पुढची. तिचा इम्पिडन्स, म्हणजे रेडिओ वारंवारतेच्या विजेला होणारा ओहममधला विरोध, मोजायचा कशाने?

हा प्रश्न सकाळच्या नेटवर, म्हणजे हॅम मंडळींच्या रेडिओवरच्या रोजच्या गप्पांत, टाकला, आणि रोजच्या तब्येतीच्या चौकशा एकदम बंद पडल्या.

"एसडब्ल्यूआर मीटर पुरे. बाकी सगळे चोचले," आमचे सर्वांत ज्येष्ठ ओएम, म्हणजे हॅमांच्या भाषेत 'ओल्ड मॅन', म्हणाले. हा मीटर अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्यावरून जुळणी सांगतो; १ म्हणजे ५० ओहमशी अचूक जुळणी. पण त्याने २ दाखवले, तर तिथे १०० ओहमही असतील आणि २५ही. दोन्हींवरचे उपाय वेगळे. हे मी नम्रपणे मांडलं. "जुळवून घेणारा ट्यूनर कशाला असतो मग?" संवाद संपला.

दुसऱ्या एका ओएमकडे ग्रिड डिप मीटर होता. कॉइल तारेजवळ धरायची, सुई गचकन पडली की त्या वारंवारतेला तार जुळली, म्हणजे रेझोनन्स. "पण तार वर आहे आणि कॉइल माझ्या हातात." "शिडी घ्या." वय विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

मग एका मित्राकडून एमएफजे-२५९बी हा अँटेना ॲनालायझर आणला. दहा पेन्सिल सेल खाणारा, दोन सुयांचा रुबाबदार गडी. १.८ पासून १७० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो, रेझिस्टन्स सांगतो, रिॲक्टन्स, म्हणजे इम्पिडन्समधला कॉइल किंवा कपॅसिटरसारखा वाटा, तोही सांगतो. फक्त तो प्लस की मायनस, ते सांगत नाही. बँकेने पन्नास हजार म्हणावं आणि ते येणं आहे की देणं, यावर मौन पाळावं, तसं. वारंवारता जरा वाढवायची, आकडा कुठे सरकतो बघायचं आणि अंदाज बांधायचा. शिवाय त्याचा डिटेक्टर मोठ्या मनाचा. तारेवरून जे येईल ते सगळं मोजतो. आमच्या घराजवळ मध्यम लहरींचं प्रक्षेपण केंद्र आहे. गच्चीवर तार जोडताच एसडब्ल्यूआरची सुई भजनाच्या ठेक्यावर डोलू लागली.

"काका, नॅनोव्हीएनए घ्या," चौथ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला. २०१९च्या सुमारास हे तळहातावरचं अँटेना मोजायचं यंत्र स्वस्तात मिळू लागलं आणि हॅम मंडळींचं भान हरपलं. प्लस-मायनस, फेज, सगळं दाखवतं. फिलिप स्मिथ यांनी १९३९ साली छापलेला तो इम्पिडन्स वाचायचा वर्तुळांचा स्मिथ चार्टही दाखवतं, पण २.८ इंची पडद्यावर आणि भर उन्हात. मी वर छत्री धरायची, मुलाने नखाने मेन्यू दाबायचा. आधी कॅलिब्रेशन: ओपन, शॉर्ट, लोड अशा तीन टोप्या लावून यंत्राला माप शिकवायचं. त्या चिमुकल्या टोप्या गच्चीच्या पन्हळीत पडल्या, की पुढचा सगळा हिशोब देवाच्या हाती. यंत्राला नाजूक एसएमए कनेक्टर, माझ्या केबलला जाडजूड पीएल-२५९. मध्ये अडॅप्टर, आणि त्याच्या वजनाने यंत्रच उलटं पडायचं.

एवढं सोसल्यावर पडद्यावर रेष उमटली. एसडब्ल्यूआर १.१, बँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट. मुलाने फोटो काढला.

नेटवर अभिमानाने सांगितलं. ज्येष्ठ ओएम क्षणभर गप्प. "केबल किती जुनी?"

"दोन-तीन पावसाळे झाले असतील."

"अँटेनाकडचं टोक सोडा आणि परत बघा."

टोक मोकळं सोडल्यावर गेलेलं सगळं परत यायला हवं, एसडब्ल्यूआर आभाळाला भिडायला हवा. तो दीडच्या वर जाईना. वरचं टोक कापलं, तर आतली जाळी हिरवी पडलेली आणि पाणी टपटपतंय. परत काही येत नव्हतं, कारण जाताना आणि येताना सगळं केबलच गिळत होती.

"कशावर मोजलंत हे?" ज्येष्ठांनी विचारलं.

"नॅनोव्हीएनएवर."

"माझ्या एसडब्ल्यूआर मीटरनेही १.१च दाखवले असते हो. उगाच खर्चात पडलात. ओव्हर."