सोम, भांग आणि माझी 'हिंमत'

वैदिक यज्ञात जिचा रस काढत ती सोम वनस्पती नेमकी कोणती, या माझ्या लेखावर एका निनावी वाचकाची कालची प्रतिक्रिया : "सोम म्हणजे भांगच. दगडाने कुटायची, दुधात घालायची, अजून काय पुरावा हवा? पण हे लिहायची हिंमत तुम्हा लोकांत नाही. हरमलचा उल्लेखही नाही, आणि लेख नको तितका लांब."

लेख लांबला, कबूल. गाळणीवरचा परिच्छेद निम्मा करता आला असता. पण हिंमत? स्वतःचं नाव न घालणाऱ्याने हिंमतीच्या गोष्टी कराव्यात, म्हणजे कमालच झाली! ऋग्वेदाचं नववं मंडल, ११४ सूक्तं सोमाचीच, मी मुंजीनंतर आजोबांसमोर बसून म्हटलंय. सोमयागात धूर खात बसलोय. मला घाबरट ठरवण्याआधी एवढं तरी विचारायचं होतंत.

बरं, भांग. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातल्या सहाव्या सूक्तात वनस्पतींची पाच राज्यं सांगितली आहेत. त्यांत सोम श्रेष्ठ, आणि मग दर्भ, भंग, यव, सह. सोम आणि भंग एकाच ऋचेत शेजारी-शेजारी बसलेत, अहो! रचणाऱ्याला ते दोन वेगळे ठाऊक होते. राहिलं दूध. सोम मेंढीच्या लोकरीतून गाळत आणि त्यात दूधच नव्हे, दही आणि सातूही मिसळत. कुटून दुधात घातलेलं सगळं भांग ठरणार असेल, तर तुमच्या घरच्या मसाला दुधाचीही चौकशी करावी लागेल.

शिवाय मी कुणाचीच बाजू झाकलेली नाही. अळंबीचे अभ्यासक गॉर्डन वॉसन यांनी सोम म्हणजे लाल टोपीची विषारी अळंबी असा पक्ष मांडला आणि १९७१ मध्ये संस्कृतचे अभ्यासक जॉन ब्रफ यांनी तो कसा खोडला, हे लेखात आहे. सोम न मिळाल्यास काय वापरावं याची यादी शतपथ ब्राह्मणातच आहे, तेही आहे. पुण्यात संस्कृत शिकवणाऱ्या मार्टिन हाउग यांनी १८६० च्या दशकात यज्ञातला रस चाखून तोंड वाकडं केलं, तेही. तो रस मूळ सोमाचा नव्हे हे उघड लिहिलंय. भावना दुखावायची भीती असती तर हे लिहिलं असतं का? की तुम्ही शीर्षक वाचूनच प्रतिक्रिया ठोकलीत?

हरमल : सोम म्हणजे हरमल नावाचं झुडूप, हा फ्लॅटरी आणि श्वार्ट्झ या अभ्यासकांचा पक्ष, १९८९. ठाऊक आहे. त्यांचा भर हओमावर, म्हणजे सोमाच्या प्राचीन इराणी भावंडावर. माझा विषय तो नव्हता. पुढे.

आणि 'तुम्हा लोकांत' म्हणजे नेमक्या कोणत्या लोकांत, तेही एकदा लिहा. सोमावर वाद घालायचा असेल तर खुशाल या. माझी हिंमत मोजायला याल तर प्रतिक्रिया उडवीन.