ध्यानाला बसणाऱ्यांवर भावाची अट

नागपूरला फोन केला की हल्ली धाकट्या भावाशी एकाच विषयावर वाद होतो. त्याच्या विहारात काही तरुण पोरांनी रविवारी तासभर ध्यानाला बसायचं ठरवलं आणि त्यावरून दोन तट पडले. भाऊ विरोधी तटात. "बाबासाहेबांनी आपल्याला डोळे मिटायला धम्म दिला का गं ताई?" असं तो विचारतो, आणि त्याच्या म्हणण्यात दम आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी विचारून ठेवलंय की भिक्खू कोण असावा, परिपूर्ण माणूस की समाजसेवक? नुसताच परिपूर्ण असेल तर तो स्वार्थी. समाजसेवक असेल तर धम्माला त्याच्याकडून आशा आहे.

मी फ्रान्समध्ये बोर्दोला राहते. इथून गाडीनं सँत-फ्वा-ला-ग्रांदला उतरून थेनाकच्या बाजूला गेलं की प्लम व्हिलेज हा बौद्ध मठ लागतो. थिक न्हात हान या व्हिएतनामी भिक्खूंनी १९८२ साली वसवलेला. शिष्य त्यांना 'थाय' म्हणतात, म्हणजे गुरुजी. पहिल्यांदा गेले तेव्हा मला स्वयंपाकघरात भाज्या चिरायला बसवलं होतं. घड्याळाचे टोल पडले आणि शेजारचा भिक्खू सुरी गाजरात अर्धी रुतलेली असतानाच थांबला. सगळं स्वयंपाकघर थांबलं. दोन-तीन श्वास झाले, मग सुरी पुन्हा चालू. भावाला हे सांगितलं तर म्हणाला, "बघ, हेच. निवांत लोकांचं काम."

पण ती सवय निवांतपणातून आलेली नाही, हेच मला त्याला सांगायचंय. थाय सोळाव्या वर्षी व्हिएतनाममधल्या ह्युए शहराजवळच्या तू हियू मठात दाखल झाले. पुढे व्हिएतनाम युद्ध पेटलं तेव्हा मठात बसून राहायचं की बॉम्बखालच्या गावांत जायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढेही आला. त्यांनी दोन्ही केलं. १९६५ मध्ये तरुणांना समाजसेवेचं शिक्षण देणारी शाळा काढली. पोरं गावात जाऊन घरं बांधायची, दवाखाना चालवायची; बॉम्ब पडून सगळं जमीनदोस्त झालं की पुन्हा बांधायची. १९६७ मध्ये त्यातल्या चौघांना नदीकाठी गोळ्या घातल्या गेल्या. पोरं थायना विचारत, युद्ध लवकर संपेल का? संपण्याचं एकही चिन्ह दिसत नव्हतं. थाय आधी श्वास घेत आणि मग म्हणत की सगळं अनित्य आहे, युद्धसुद्धा. हे उत्तर देण्यापुरतं तरी स्वतःला सावरून धरायला त्यांना ध्यान लागत होतं. बांधलेलं घर चौथ्यांदा पडल्यावर पाचव्यांदा विटा उचलायला माणूस उभा कसा राहतो, याचा विचार आपल्या चळवळीत फार कमी होतो. खचून घरी बसलेले कितीतरी चांगले कार्यकर्ते मी वडिलांच्या पिढीत पाहिलेत.

१९६६ मध्ये ते युद्धाविरुद्ध बोलायला अमेरिकेला गेले आणि परत येण्याचे रस्ते बंद झाले. पुढे मायदेशात पाऊल ठेवायला ३९ वर्षं लागली. शिकागोत त्यांची भेट झालेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ मध्ये त्यांचं नाव शांततेच्या नोबेलसाठी सुचवलं. त्या वर्षी ते पारितोषिक कुणालाच दिलं गेलं नाही.

इथे मात्र मला उलट्या बाजूनं भांडावं लागतं. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ध्यानाचा वर्ग सुरू झाला, त्याच महिन्यात सफाईवाल्या बायकांचे तास कमी केले गेले. वर्गात ताण सोडायला शिकवत होते. त्या बायकांचा विषय मी काढला, तर इथे त्यावर बोलायचं नाही म्हणाले. मी वर्ग सोडला. थायनी १९६६ मध्ये स्थापलेल्या संघाच्या चौदा नियमांत एक असा आहे की स्वतःच्या जिवाला धोका असला तरी अन्यायाविरुद्ध बोलायचं धैर्य ठेवा. तो गाळून उरलेलं ध्यान मला नकोय.

एका जागी मी थायंपाशी अडते. किंग यांना लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की माणूस हा शत्रू नाही. शत्रू आहेत ते माणसाच्या मनातले द्वेष, असहिष्णुता, भेदभाव. माझ्या वडिलांना शाळेत माठापासून लांब उभं केलं जायचं. करणारा मास्तर माणूसच होता, आणि त्याला नावानिशी जाब विचारणं गरजेचं होतं. बाबासाहेबांनी तो विचारायला शिकवलं. थायंचं वाक्य मला खोटं वाटत नाही, पण ते जाब विचारून झाल्यावर ऐकायचं वाक्य आहे, आधी नाही. यावर माझं आणि भावाचं एकमत आहे.

२०१८ मध्ये थाय तू हियूला परतले. २०१४ च्या आजारात वाचा गेलेली होती. तिथेच २२ जानेवारी २०२२ रोजी, ९५ व्या वर्षी ते गेले. त्या चार पोरांची गोष्ट मी परवा भावाला सांगितली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, येत्या रविवारी जाऊन बसतो, पण माझी अट आहे. बसून झालं की सगळ्यांनी वस्तीत यायचं, तुंबलेल्या गटाराच्या अर्जावर घरोघरी सह्या घ्यायला.