काकू सिस्टीम

डोंबिवलीत केबलच्या लाइनवर नऊ वर्षं काढली की माणसाच्या दोन गोष्टी बाद होतात. बिनलिफ्टच्या चारमजली जिन्यांनी गुडघे आणि फोनने कान.

आमची लाइन गच्चीवरून गच्चीवर जायची. वाटेत सात बिल्डिंगींवर सात अँप्लिफायर. त्याला इलाज नाही. घरात येते ती आरजी-सिक्स वायर शंभर मीटरमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल साधारण वीस डेसिबलने खाते. म्हणजे शंभर रुपये घेऊन निघालात तर पोचताना खिशात एक. मेन लाइनची जाड वायर जरा कमी खाते, पण खातेच. म्हणून मध्येमध्ये अँप बसवायचा. तो सिग्नल वाढवतो, मागून आलेला कचराही तितकाच वाढवतो आणि वर स्वतःची थोडी भर घालतो. चाळीत बातमी पोचते तसंच.

मोठ्या नेटवर्कमध्ये म्हणे अँपच्या पोटातच एक सर्किट असतं. व्होल्टेज किती, तापलाय किती, सिग्नल किती, सगळं कंट्रोल रूमला बसल्या जागी कळतं. आमच्याकडे हे काम काकू करायच्या. बिल्डिंगमागे किमान एक. चौथीपर्यंत सगळं शांत आणि पाचवीतून फोन आला की पाचवीचा अँप गेला, सरळ हिशेब. शिवाय निदानही मिळायचं. "बातम्या स्वच्छ दिसतायत रे, पण त्या वरच्या चॅनलवर मुंग्या आल्यात." वरची फ्रिक्वेन्सी आधी मरते. म्हणजे लेव्हल पडलीय, बहुतेक कनेक्टरमध्ये पाणी. मी पाना घेऊनच निघायचो.

मग केबल डिजिटल करायची 31 मार्च 2013 ची सरकारी मुदत आली, घरोघर सेट-टॉप बॉक्स बसले आणि मुंग्या गेल्या. आता चित्र एकतर ठणठणीत, नाहीतर नाहीच. मध्ये फार तर चार चौकोन. पूर्वी पेशंट आठवडाभर खोकायचा, आता थेट अटॅक.

त्या वर्षीच्या कोजागरीला रात्री साडेआठला सहावीतून फोन आला. "अरे बाळा, ऐन वेळेला गेलं बघ!" त्यांच्या पाठोपाठ सातवी. पाचवीतून एकही नाही. म्हणजे सहावीचा अँप. चार मजले चढलो, टाकीमागचा डबा उघडला, आउटपुटला मीटर लावला तर शून्य. खूश झालो. इनपुटला लावला. तिथेही शून्य! म्हणजे अँप बिचारा ठीक, त्याला मागूनच काही येत नव्हतं. लाइन मध्येच तुटली म्हणावं, तर पाचवीच्या गच्चीपर्यंतची वायर चांदण्यात अखंड दिसत होती.

आणि त्या गच्चीवर अख्खी पाचवी दिसत होती. सतरंज्या, पातेलं, अंताक्षरी.

चार मजले खाली, परत चार मजले वर. आमच्या अँपला जिन्याच्या मीटरवरून लाइट होता. सॉकेट एकच. त्यातली आमची पिन काढून कठड्यावर नीट ठेवलेली आणि तिथे स्पीकरची लावलेली.

"काका, तुमचे टीव्ही बंद आहेत," मी सेक्रेटरींना म्हटलं.

"असतील," ते म्हणाले. "बघायला खाली आहे कोण?"

नऊ वर्षांत माझी सिस्टीम फसली ती अशी. काकू खाली टीव्हीसमोर असतील, हे मी गृहीतच धरलं होतं.

पिन परत लावायची म्हटल्यावर 'ण'वर अडकलेल्या बायकांच्या गटाने जोरात विरोध केला. ण आला की लोक न चालवून घेतात, हे मला माहीत होतं, पण मी बोललो नाही. शेवटी कुणाच्या तरी घरून एक्स्टेन्शन बोर्ड आला. अँपचा दिवा लागला. माझ्या हातात मसाला दुधाचा ग्लास आला, वर जाड साय. पहिला घोट घेतो न घेतो तोच फोन.

"आलं रे बाळा," सहावीच्या काकू म्हणाल्या. "पण आता जाहिराती लागल्यात."