एका दिवसात मांडे शिकवणाऱ्या वर्गाला जाऊ नका, भरीत-भाकरी शिका

नवरा-बायकोने मिळून एका दिवसाच्या पाककला वर्गाला जावं, हे मला मनापासून पटतं. मात्र खान्देशी वर्ग म्हणून मांडे, शेवभाजी, वरण-बट्टी, पातोड्यांची भाजी, भरीत, फौजदारी डाळ असं सगळं एकाच दिवसात कोंबलेलं असेल, तर पैसे भरण्याआधी थांबा. तिथे शिकवणारी करणार आणि तुम्ही बघणार. दोघांना एका दिवसात खरोखर हाताशी येईल असं एकच जेवण आहे : वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी.

आधी मांड्यांचं बोलू, कारण सगळ्यांना हौस त्याचीच असते. त्यासाठी गव्हाला पाण्याचा हात लावून, दडपून ठेवून दळायचं, पीठ वस्त्रगाळ करायचं. मग मिठाच्या पाण्यात सैल भिजवून ते तार सुटेपर्यंत तिंबायचं आणि दोन-तीन तास मुरू द्यायचं. पुरण कोरडं हवं. जरा ओलं राहिलं की मांडा हातावर फिरवताना मधोमध फाटतो. खापर, म्हणजे मांडे भाजायचं मातीचं उपडं भांडं, कमी तापलं तर मांडा चिकटतो, जास्त तापलं तर टाकताक्षणी भोकं पडतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाटीभर मांडे टाकणाऱ्या बायांचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने बसलेला असतो. एका दिवसात फार तर कणीक आणि पुरण शिकून होईल, आणि जो वर्ग तेवढंच कबूल करतो तो प्रामाणिक समजावा.

भरिताला मोसम पाळावा लागतो. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. असोदा, बामणोदकडची ही फिकट हिरवी, मोठाली वांगी खऱ्या चवीला येतात ती थंडीत. मे महिन्यात भरिताचा वर्ग कोणी ठेवला तर वांगी कुठली, ते विचारा. निवडताना वांगं हातात तोलून बघा : आकाराच्या मानाने हलकं असेल तर बिया कमी. देठाजवळ बारीक छिद्र दिसलं की आत अळी आहे असं धरा.

भाजायला कपाशीच्या वाळलेल्या काड्या. गॅसवर वांगं शिजतं, पण काड्यांचा धूर गरात उतरत नाही, आणि भरिताची अर्धी चव त्या धुरात आहे. सुरीच्या टोकाने दोन-चार टोचे मारा, नाहीतर वांगं फुटतं. जाळ सगळीकडून लागेल असं फिरवत राहा. साल काळी पडली म्हणजे झालं असं नाही. देठाजवळचा भाग दाबून बघा, तो शेवटी शिजतो. मग दहा मिनिटं झाकून ठेवलं की वाफेने साल सुटते. साल हातानेच काढायची, बोटं ओली केली तरी चालतील, पण वांगं नळाखाली धरायचं नाही. लोक हमखास इथे चुकतात आणि कमावलेला धूर पाण्याबरोबर जातो.

किलोभर वांग्यांना आठ-दहा तिखट हिरव्या मिरच्या, लसणाच्या पंधरा पाकळ्या, मूठभर शेंगदाणे, कांद्याच्या पातीची एक जुडी आणि अर्धी वाटी तेल. मिरच्या भाजून लसणासोबत जाडसर ठेचायच्या. गर बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, घोटायचा. मिक्सरमध्ये फिरवला तर त्याचा चिकट लगदा होतो आणि रेषा राहत नाहीत. तेलात आधी शेंगदाणे, मग ठेचा, पात, मीठ, शेवटी गर. तीन-चार मिनिटं परतलं की उतरवा. जास्त वेळ ठेवलं तर पाणी सुटतं आणि पातीचा करकरीतपणा जातो.

कळण्याचं पीठ म्हणजे चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद, आणि दळतानाच जाडं मीठ. नवशिक्यांना साध्या ज्वारीपेक्षा हीच भाकरी आधी शिकवावी असं माझं ठाम मत आहे. ज्वारीच्या पिठाला स्वतःचा चिकटपणा फारसा नसतो, तो उडदामुळे येतो, म्हणून थापताना कडा कमी फाटतात. तरीही फाटल्या तर पिठाची विरी गेलेली असते, म्हणजे पीठ जुनं आहे. कढत पाण्यात भिजवलं की ते थोडं सांभाळून घेतं. प्रत्येक गोळा थापायच्या आधी तळहाताच्या टाचेने नव्याने मळायचा. भाकरी तव्यावर पडली की लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या बेतात असताना उलटायची. पूर्ण सुकू दिलं तर भेगा पडतात, ओली उलटली तर तव्याला चिकटते. शेवटी निखाऱ्यावर.

आता जोडप्यांचा मुद्दा. बहुतेक ठिकाणी कामं आपोआप वाटली जातात : तो जाळापाशी, ती परातीपाशी. तो वांगी भाजत फोटो काढतो आणि भाकरी थापताना तिला काही नवीन शिकायला मिळत नाही. शिकवणाऱ्यांनी हे मोडायलाच हवं. पहिली दोन वांगी एकाने भाजली की पुढची दोन दुसऱ्याने. भाकऱ्या तर दोघांनीही किमान चार-चार थापाव्यात, कारण पहिल्या दोन बिघडतातच. तिसरीपासून हाताला पिठाचा अंदाज येऊ लागतो. तिने थापायची आणि त्याने फक्त उलटायची, याला मी शिकणं म्हणणार नाही.

नाव नोंदवताना चार गोष्टी विचारा. एका चुलीमागे किती जोडपी? दोनपेक्षा जास्त असतील तर नको. पीठ कधीचं दळलेलं आहे? वांगी आम्हीच निवडायची का? आणि भांडी कोण घासणार? ‘तुम्ही दोघं’ असं उत्तर आलं तर खुशाल पैसे भरा. शेवभाजी जोडीला शिकवत असतील तर शिका, अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त शेव वाढतानाच रश्शात घालायची, आधी घातली तर गिचका होतो.